पोहायचा तलाव, पाहायचा तलाव

पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला आलो की गावाच्या नावापाशीच माझी गाडी अडते. कानाला त्यात पुष्करिणी ऐकू येते: कमळं, दगडी पायऱ्या, गार पाणी. खरी व्युत्पत्ती पंडितांनी सांगावी. पण मराठीत ‘पोखरणे’ असंही एक क्रियापद आहे आणि ते वाळवी व अंदाजपत्रक या दोघांच्याही कामी येतं. आपल्याकडचा सार्वजनिक जलतरण तलाव जन्माला येतो पुष्करिणी म्हणून आणि जातो पोखरून.

परवा रांगेत माझ्यापुढं एक माजी नगरसेवक होते. मे महिना, परभणीचं ऊन. देवाआधी आमचाच अभिषेक झालेला.

“अण्णा, शहराला एक चांगला तलाव पाहिजे बघा,” मी म्हणालो.

“बांधूच की. बांधायला काय लागतंय?”

“आणि चालवायला?”

“चालवायचा कोण म्हणलं?”

मग त्यांनी मला सगळं शास्त्र उलगडून सांगितलं. बांधकामाचा निधी वरून येतो. क्लोरीन, विजेचं बिल, जीवरक्षकाचा पगार यांसाठी वरून काही येत नाही, कारण क्लोरीनच्या पोत्यावर कोनशिला बसवता येत नाही. तलावही ऑलिम्पिक मापाचाच हवा. पोरांना शिकायला २५ मीटरचा पुरतो, पण निम्म्या तलावाचं भूमिपूजन निम्मंच वाटतं.

ऑलिम्पिक मापाचा म्हणजे ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद. खोली दोन मीटर धरली तर २५ लाख लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर होतं. म्हणजे तशा पाच गाड्या एका तलावात. हा हिशेब ऐकला की मराठवाड्यातला माणूस हात जोडतो आणि विषय मिटवतो. पण ते पाणी रोज बदलायचं नसतं. तेच वाळूच्या गाळणीतून फिरवायचं, क्लोरीन मोजून टाकायचं आणि उन्हानं उडालं तेवढं वरून घालायचं. दिवसाला एक सेंटीमीटर उडालं तर साडेबारा हजार लिटर, म्हणजे एक टँकर. मात्र गाळणीचा पंप बिघडला आणि दुरुस्तीची फाईल तीन टेबलांवर उन्हाळी सुट्टी घालवून आली, की पाणी हिरवं पडतं. ते सोडून द्यायचं आणि पुन्हा पाच गाड्या. पंपाच्या दुरुस्तीचे पैसे वाचले ते वाचलेच.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो, म्हणून मी अण्णांना जर्मनीचं सांगितलं. तिथंही पालिकांचे तलाव तोट्यातच चालतात. तिकिटावर तलाव भागत नाही हे त्यांनी आधीच मान्य करून टाकलंय. बऱ्याच शहरांत वीज, गॅस, पाणी पुरवणारी कंपनी पालिकेचीच असते. तिच्या नफ्यातून तलावाचा खड्डा भरतात. काही गावांत तर लोकच संघ काढून तलाव सांभाळतात.

“म्हणजे नफ्यातल्या खात्यानं तोट्यातल्या खात्याला पोसायचं?”

“हो.”

अण्णा विचारात पडले. “आपल्याकडं नफ्यातलं खातं कोणतं?”

रांग चार पावलं सरकली, तरी आम्हा दोघांना एकही नाव आठवेना.

“म्हणून ठेका,” अण्णांनी निकाल दिला. ठेका दिला की तलावाला हिरण्यकश्यपूसारखा वर मिळतो: ना चालू ना बंद, ना पालिकेचा ना ठेकेदाराचा. जीवरक्षकाला पोहता येतं का, हे विचारायचं निविदेत राहून जातं. फी मात्र विसरत नाही कोणी. पहाटेची बॅच डॉक्टर-व्यापाऱ्यांची, संध्याकाळची त्यांच्या मुलांची.

पाणी सर्वांचं आहे असं कागदावर लिहून भागत नाही. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली तसा ठराव केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. आता अडवायला माणसं उभी करावी लागत नाहीत. दरपत्रक पुरतं.

मुंबईत मात्र प्रवेश सोपा असावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये दादरच्या महापालिकेच्या तलावात सकाळी मगरीचं पिल्लू सापडलं. ना अर्ज, ना डॉक्टरचा दाखला, ना डोक्याला टोपी. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, “पाणी चांगलं असल्याबिगर येती का ती?”

आम्ही पोहायला विहिरीत शिकलो. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि मामानं मागून ढकलायचं. अंदाजपत्रकात तरतूद फक्त दोरीची. आता विहिरींच्या जागी बोअर आली, आणि सहा इंची भोकात सूर मारता येत नाही. मग पोरं जातात जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. आवर्तन सुटलं की फुकट प्रवेश, वेळेचं बंधन नाही, टोपीची सक्ती नाही. उतरत्या काठाला शेवाळ, धरायला काही नाही, बघायला कोणी नाही. उन्हाळ्यात पेपरात चार ओळींची बातमी येते, तिच्यात पोराचं वय असतं आणि ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ असतं.

“केवढा आहे हो तो कालवा?” अण्णांनी विचारलं.

“२०८ किलोमीटर.”

आम्ही गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पोचलो होतो. अण्णांनी डोळे मिटले, हात जोडले, ओठ हलले. मला वाटलं, त्या पोरांसाठी काहीतरी मागतायत. डोळे उघडून हळूच म्हणाले, “२०८! कोनशिला किती बसतील हो?”