पंधरा दिवसांचा पथ्यकरी

मेल सोमवारी येतो. विषय ‘वार्षिक आरोग्य तपासणी’, खाली तारीख, आणि तळाला रात्रीच्या जेवणानंतर काहीही खाऊ नये अशी सूचना. बाकीचे तो वाचून विसरतात. हा माणूस तारखेपासून पंधरा दिवस मागे मोजतो आणि त्या दिवसापासून साधू होतो.

मालाड ते अंधेरी या पट्ट्यातल्या कुठल्याही कचेरीत असा एक तरी भेटतोच. पण अस्सल नमुना पाहायचा तर मनोरीचा पाहावा. मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोट धरली की काही मिनिटांत खाडीपलीकडे. रस्त्याने जायचं म्हटलं तर भाईंदर, उत्तन, गोराई असा भलामोठा वळसा. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीचं हे गाव. इथून रोज खाडी ओलांडून नोकरीला जाणारा चाकरमानी वय ४३, पद उपव्यवस्थापक, खुर्ची एसीच्या झोतात. त्याच्या गावात महापालिकेने समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प योजला आहे, सुरुवातीला रोज २० कोटी लिटर. त्या मानाने साडेअकरा महिन्यांचं खाणं पंधरा दिवसांत निस्तरायचा याचा प्रकल्प लहानच म्हणायचा.

खाणं निस्तरण्याजोगं असतं हेही खरं. तपासणी असते फेब्रुवारीत, आणि त्याआधी येतो नाताळ. घरचा केक, घरचीच वाईन. नाताळ सरतो न सरतो तोच लग्नं सुरू. लग्न म्हटलं की सोरपोटेल, आणि सोरपोटेल म्हटलं की फुगे. मैद्याचं आंबवलेलं पीठ मुठीतून सोडून तळलेले हे गोळे इतके हलके असतात की खाल्ले कितीक याचा हिशेब राहत नाही. लग्न नसेल त्या दिवशी ताटात सुका बोंबील आहेच. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. हा आकडा त्याला पाठ आहे. बोंबील त्यात धरत नाही, एवढंच.

पथ्य सुरू झालं की घराला कळतं. दुधीचा रस येतो, भात जातो, ताटातलं मीठ जातं. रात्री साडेसातला जेवून तो बाकीच्यांच्या ताटांकडे न बघता टीव्हीकडे बघत बसतो. बायको दोन दिवस कौतुकाने पाहते. तिसऱ्या दिवशी विचारते, “तपासणी कधीय?”

कंपनीची पावलं मोजायची स्पर्धाही याच सुमाराला असते. मनगटावरचं घड्याळ रोज संध्याकाळी भाच्याच्या हातात जातं. भाचा किनाऱ्यावर फुटबॉल खेळतो. गेल्या वर्षी मामाला स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं मिळालं त्याला भाचे दोन असावेत.

तपासणीच्या दिवशी तो उपाशीपोटी बोटीत चढतो. धक्क्यावर कुणी चहा विचारला तर हात असा वर करतो की विचारणाऱ्याला आपलंच काही चुकलं असं वाटावं. ऑफिसात कॉन्फरन्स रूमचा दवाखाना झालेला असतो. प्रोजेक्टरच्या पडद्याआड ईसीजी, लांब टेबलावर नळ्या आणि कापूस, दाराशी वजनकाटा. इथे त्याची खरी विद्या दिसते. काट्यावर चढण्यापूर्वी बूट, पट्टा, पाकीट, किल्ल्या, मोबाइल अशी रास टेबलावर पडते. नवखे लोक आधी बीपी मोजून घेतात, हा आधी लघवीची डबी भरून देतो, कारण भरल्या मूत्राशयाने रक्तदाब वाढून दिसतो हे त्याने वाचलंय. मग पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं मौन. हे सगळं वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक आहे. डॉक्टर हेच सांगून थकतात; हा एकटाच ऐकतो, आणि वर्षातून एकदाच.

बीपी आधी मोजून झालं हे बरंच होतं. कारण रक्त घेणारी मुलगी म्हणते, “काका, मूठ घट्ट धरा.” काका!

दोन नळ्या भरतात. करड्या बुचाच्या नळीकडे तो विश्वासाने बघतो. ती उपाशीपोटीच्या साखरेची. तिच्यात फ्लोराइड असतं, म्हणजे नळीतल्या पेशी वाट पाहता पाहता साखर संपवत नाहीत. जांभळ्या बुचाच्या नळीकडे तो बघतही नाही. त्याचं लक्ष आता नाश्त्याच्या खोक्याकडे आहे. आरोग्यासाठी बारा तास उपाशी राहिलेल्यांना कंपनी त्यात सामोसा, गोड बन आणि आंब्याचं पेय देते.

एरवी तपासणीमागचा कायदा गंभीर घटनेतून आलेला आहे. १९८४ साली भोपाळची वायुगळती झाली आणि १९८७ साली १९४८च्या कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याची कामावर घेण्यापूर्वी आणि पुढे बारा महिन्यांच्या आत वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. तिथे प्रश्न रसायन माणसाचं काय करतंय हा होता. नोव्हेंबर २०२५मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात चाळिशीपुढच्यांना वर्षातून एकदा मोफत तपासणी आली. आमचा उपव्यवस्थापक ही बातमी वाचून खचला. “आता सरकारही?” एवढंच म्हणाला.

अहवाल फोनवर येतो, हिरव्या-लाल रंगांत. बीएमआय २५.९. हे सूत्र केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात ‘सरासरी माणसा’च्या शोधात मांडलं. एरवी पक्का गाववाला असलेला हा माणूस इथे एकदम आंतरराष्ट्रीय होतो, कारण जागतिक मोजमापात तो नुसता ‘वजन जास्त’ या रकान्यात बसतो. भारतीय डॉक्टरांच्या मोजमापात २३ला वजन जास्त आणि २५ला लठ्ठपणा. उपाशीपोटीची साखर ९८, हिरवी. तो खुर्चीतून अर्धा उठतो.

त्याखाली जांभळी नळी बोलते. एचबीए१सी ६.४.

रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणून ही चाचणी साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ५.७ ते ६.४ ही मधुमेहापूर्वीची अवस्था, ६.५पासून मधुमेह. दुधीचा रस या सरासरीत पंधरा दिवसांपुरता. नाताळ, केक आणि लग्नं हजेरीपटावर नावानिशी. तो आधी लॅबवर संशय घेतो, मग बायकोवर.

याला एकट्याला हसण्यात अर्थ नाही. अमेरिकेत एका घाऊक दुकानसाखळीच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. काही दुकानांत आरोग्य कार्यक्रम राबवला, काहींत नाही; कुठे राबवायचा हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. दीड वर्षानंतरचे निष्कर्ष २०१९मध्ये छापून आले. कार्यक्रमातले लोक आपण नियमित व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो असं जास्त संख्येने सांगत होते. वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांत मात्र म्हणण्याजोगा फरक नव्हता. मनोरीच्या माणसाला हे कळलं तेव्हा त्याला तेहतीस हजार भावंडं सापडल्याचा आनंद झाला. इलिनॉय विद्यापीठातल्या अशाच प्रयोगात आणखी एक गंमत दिसली: अशा कार्यक्रमांत हौसेने येणाऱ्यांत आधीच व्यायामशाळेत जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त.

जांभळ्या नळीने मात्र त्याला कामाला लावलं. त्याने हिशेब मांडला. पंधरा दिवस पुरत नसतील तर तीन-चार महिने लागणार. म्हणजे फेब्रुवारीच्या तपासणीसाठी ऑक्टोबर, दिवाळी, नाताळ, सगळ्यावर पाणी. त्यापेक्षा तारीखच हलवावी. ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस उपवासाचे, तेव्हा तपासणी ईस्टरच्या आदल्या आठवड्यात घ्यावी असा विनंतीअर्ज त्याने एचआरला दिला. बोरिवलीच्या सहकाऱ्याला सुगावा लागला. त्याने श्रावण संपल्यावर, पण गणपतीपूर्वी, असा प्रतिअर्ज ठोकला. मजल्यावर दोन तट पडले, सह्या गोळा झाल्या.

एचआरच्या मॅडमनी दोन्ही अर्ज वाचले आणि दुपारपर्यंत उत्तर पाठवलं. पुढची तपासणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्या आठवड्यात लॅब वीस टक्के सवलत देते.