पैलवानाची गाडी

जुनी पिकअप घ्यायची तर कोल्हापूरला जावं, असं रत्नागिरीत सगळेच सांगतात. का, ते कुणी सांगत नाही. आमच्या मेहुण्यांनी मात्र त्याचं शास्त्र बसवलं होतं. मुंबईची गाडी खाऱ्या हवेने आतून खाल्लेली असते, कोकणातली चिरे वाहून कंबरेत मोडलेली असते, आणि पुण्याची बघायला गेलं तर तिचा मालक आधी आपलीच चौकशी करतो. राहिलं कोल्हापूर. तिथली गाडी गूळ, दूध आणि लग्नाची वऱ्हाडं वाहते, म्हणजे तिच्यावर संस्कार चांगले.

मेहुण्यांची पावसजवळ आंब्याची बाग आहे. एप्रिलात आंबा झाडावर थांबायला तयार नसतो आणि भाड्याचा टेम्पो दारात यायला तयार नसतो, या कात्रीत ते दर हंगामात सापडत. स्वतःची गाडी हवी हे ठरलं, पण नवी घेण्याइतका आंबा काही त्या वर्षी आला नव्हता. मी छोट्या हत्तीचं नाव काढलं. 2005 साली टाटांनी ‘एस’ बाजारात आणली, लोकांनी तिचं हे बारसं केलं, आणि बोळाबोळातून माल फिरू लागला, वगैरे वाचीव माहिती दिली. मेहुणे म्हणाले, “हत्ती चालेल, भावोजी. छोटा नको.”

मला बरोबर घेतलं ते गाडीतलं कळतं म्हणून नव्हे. आयुष्यभर बँकेत कर्जाचे कागद तपासल्यामुळे माझ्या चेहऱ्यावर एक कायमचा संशय बसला आहे, तो सौद्याच्या वेळी कामाला येईल, असा हिशेब होता.

कोल्हापुरातला एजंट पूर्वी बैलांच्या बाजारात दलाली करायचा. धंदा बदलला होता, पण डोळा तोच होता. तो गाडीभोवती उजवीकडून फिरला, मागच्या भागावर थाप मारली, खाली वाकून टायरच्या खाचांत बोट घातलं आणि म्हणाला, “दात बगा की! चारदाती हाय.” टायरवर नवं रबर चढवलेलं होतं, हे मला मागाहून मिस्त्रीने सांगितलं, म्हणजे दात कवळीचे होते. भाव ठरवायच्या वेळी त्याने खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि आत माझी बोटं धरली. कोणतं बोट म्हणजे किती हजार हे मला ठाऊक नव्हतं. मी घाबरून दोन बोटं मिटून घेतली, तर किंमत एकदम खाली आली. मेहुणे तेव्हापासून मला फार मानतात.

गाडीच्या समोरच्या जाळीवर एका कंपनीचं चिन्ह होतं, मागचे दिवे दुसरीचे, आणि स्टेअरिंगच्या मधलं झाकण तिसरीचं. कागदोपत्री कंपनी एकच होती. तिचं नाव मी सांगत नाही, कारण उरलेल्या गाडीत तिचा वाटा फारच थोडा होता.

मालक जुना पैलवान. खासबागेत कुस्त्या केलेला, सहा फुटी, कान मोडलेले. मोठा ट्रक घेणार म्हणून ही विकत होता. सही करायच्या वेळी त्याचे डोळे भरून आले. एवढा माणूस रडायला लागला की समोरच्याने काय करायचं, याची पद्धत ठरलेली नाही. मेहुण्यांनी खिशातली खोबऱ्याची वडी पुढे केली. ती त्याने खाल्ली आणि सही केली.

कागदांचं मी बघितलं. फॉर्म 29, फॉर्म 30, बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र, विमा, पीयूसी. चासीवरच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की नंबराचा ठसा उमटतो; ते काम मला लहानपणी नाण्यांवर केल्यामुळे उत्तम जमलं. मालवाहू गाडी आठ वर्षांपलीकडे गेली की पासिंग दरसाल करावं लागतं, आणि ही तर आठ वर्षं ओलांडून केव्हाच पुढे गेली होती. पण पासिंगला अजून काही महिने अवकाश होता आणि नंबर एमएच 09 असला तरी राज्य एकच, त्यामुळे तो रत्नागिरीत तसाच राहणार होता. कागदावर गाडी स्वच्छ होती. कागद मला वाचता येतात. कागदाच्या बाहेर जे लिहिलेलं असतं, ते पुढे घाटात कळलं.

गाडी तिथून थेट शिवाजी उद्यमनगरात नेली. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी तयार केला आणि त्यावर ‘सैरंध्री’ काढला, त्या गावातल्या मिस्त्रीला ‘पार्ट मिळत नाही’ ही अडचण म्हणून समजतच नाही. मिळत नाही तर बनवायचा. आमच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आणि कुणाची तरी आठवण आल्यासारखा गप्प झाला.

“काय काय करायला लागेल?” मेहुण्यांनी विचारलं.

“काय करायला लागत न्हाई, ते सांगतो. लवकर आटपंल. हॉर्न.”

मग त्याने कामं मोजली. क्लच प्लेट झिजलेली. पाण्याचा पंप गळका. मागच्या पाट्याचा बुश इतका गेलेला की पाटा आणि चासी यांचा संबंध फक्त ओळखीपुरता उरला होता. स्टेअरिंग पाव फेरा फिरवल्यानंतर चाकांना त्याची बातमी लागायची. बुश त्याने लेथवर फिरवून तासाभरात दिला. मेहुण्यांना आधी रंग हवा होता. मिस्त्री म्हणाला, “पाव्हणं, आंबा घाट उतरायचाय न्हवं? रंग बघून गाडी थांबत नसती.” त्यामुळे पैसे लायनरात, ब्रेक ऑईलमध्ये आणि होजपायपात गेले. पत्र्याची भोकं लांबी भरून बुजवली. रंग राहिला, आणि फाळका होता तसाच राहिला.

हा फाळका महत्त्वाचा. वरच्या बाजूला ‘हॉर्न ओके प्लीज’ होतं. 2015 साली राज्याने ते लिहायला बंदी केल्यावर पैलवानाने त्यावर हिरवा रंग फासला होता, पण उन्हाने तो रंग विरला आणि अक्षरं परत डोकावत होती. त्याखाली पिवळ्याजर्द, फूटभर अक्षरांत लिहिलेलं: पैलवान. मेहुण्यांना तिथे ‘हापूस’ हवं होतं. पेंटर जेवायला गेला होता. कोल्हापुरात दुपारी जेवायला गेलेल्या माणसाची वाट बघू नये, तांबडा-पांढरा झाल्यावर तो झोपतो.

निघताना मिस्त्रीने मेहुण्यांचा हात धरून शेवटचं सांगितलं. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची नाही. इंजिन बंद पडलं तर ब्रेकच्या बूस्टरला हवा ओढायला कुणी राहत नाही, मग दोन्ही पायांनी उभं राहिलं तरी गाडी ऐकत नाही. दुसऱ्या गिअरात उतरायचं, इंजिनाला धरून ठेवू द्यायचं, ब्रेक अधूनमधून दाबून सोडायचा. मेहुण्यांनी हे सगळं रामरक्षेसारखं पाठ केलं आणि पंचगंगेच्या पुलापासूनच म्हणायला सुरुवात केली.

केर्लीला जोतिबाच्या फाट्याशी मेहुण्यांनी चांगभलं म्हटलं, वाघबीळला पन्हाळ्याचा रस्ता डावीकडे सोडला. बांबवड्यात चहाला थांबलो, आणि प्रवासाला सुरुवात झाली.

चहावाल्याने आधी फाळका बघितला, मग आम्हाला. “पैलवान कुठाय?”

“गाडी आम्ही घेतली,” मेहुणे अभिमानाने म्हणाले.

“बरं झालं. मग एकशे साठ रुपये तेवढं द्या. दिवाळीपास्नं हायती.”

मी कायदा सांगितला. गाडीची मालकी बदलली म्हणजे चहाची बदलत नाही. तो शांतपणे म्हणाला, “मी गाडीला चहा देत होतो. मानूस कंचा बी असंना.” मेहुण्यांनी दिले. चहा चांगला होता, हे मान्य करायला हवं.

मलकापूरला पंक्चरवाल्याने हात दाखवून गाडी थांबवली. आम्हाला वाटलं टायर बसला. टायर ठीक होता. दोन पंक्चर आणि एक ट्यूब, बाकी. त्याच्याकडे वही होती, वहीत ‘पैलवान’ असं पान होतं आणि पानावर बरेच आकडे होते. मी वही तपासायला घेतली, तर खाडाखोड एकही नाही. बँकेत असे लेजर क्वचित बघायला मिळायचे. मेहुण्यांनी निम्मे दिले. त्याने निम्मे खोडले.

आंब्याहून विशाळगडाकडे फाटा फुटतो. 1660 च्या जुलैत, भर पावसात, शिवाजी महाराज पन्हाळा सोडून याच मुलखातून विशाळगडाला गेले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. मेहुण्यांनी गाडी हळू करून तिकडे हात जोडले. म्हणाले, “त्यांच्या मागे सिद्दी मसूद होता, भावोजी. आपल्याला पुढून येताहेत.”

घाट उतरताना आम्ही बोललो नाही. दुसरा गिअर, इंजिनाचा गुरगुराट, दाबून सोडलेला ब्रेक. एका वळणावर लायनरचा करपट वास आला. मेहुण्यांनी गाडी कठड्याशी लावली, मी चाकामागे दगड घातला. इंजिन चालूच ठेवलं होतं. धुकं वर येत होतं, खाली साखरप्याकडची हिरवळ. वानरांची एक टोळी कठड्यावर बसून आमच्याकडे बघत होती. त्यातलं एक उडी मारून थेट हौद्यात उतरलं, ताडपत्रीची घडी उचकटून आत काहीतरी शोधलं, मिळालं नाही तेव्हा आमच्याकडे अत्यंत तुच्छतेने पाहिलं. तेवढी एकच उधारी आम्हाला भागवता आली नाही.

साखरप्यात एक बाई, दोन पाट्या आणि एक कोंबडा असे न विचारता मागे चढले. बाई म्हणाल्या, “पालीला उतरव रे, नेहमीसारखं.” मेहुणे एव्हाना काही विचारायचे थांबले होते. मात्र तिथेच स्टँडसमोर एक चष्मेवाले गृहस्थ बाकावर बसले होते. त्यांनी गाडी पाहिली, फाळका वाचला आणि चटकन पेपर उघडून त्यात तोंड घातलं. हाक नाही, वही नाही, ‘पैलवान कुठाय’ नाही. इतक्या मैलांत काहीच न मागणारा हा पहिला मनुष्य. मेहुण्यांना भरून आलं. खाली उतरून त्यांनी त्यांना नमस्कार केला. गृहस्थांनी पेपर आणखी वर धरला. “संकोची आहेत,” मेहुणे म्हणाले.

पालीला बाई उतरल्या आणि भाडं म्हणून चार अंडी देऊन गेल्या. हातखंब्याहून रत्नागिरी, तिथून पावस. दिवेलागणीला गाडी अंगणात उभी राहिली. सासूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि पैलवान कोण, असं विचारलं.

रात्री मेहुण्यांनी पैलवानाला फोन लावला. सुखरूप पोचलो म्हणून सांगायला, आणि जरा उधारीचं बोलायला. फोन स्पीकरवर होता.

“चहाचं खरं हाय,” पैलवान म्हणाला. “पंक्चरवाल्याचं मातूर द्यायचं न्हवतं. त्यानं माझी स्टेपनी ठिवून घेतलीया.”

मेहुण्यांनी मागे जाऊन पाहिलं. स्टेपनीच्या जागी खरोखरच नुसती साखळी होती.

“पर त्यात काय एवढं,” पैलवान पुढे म्हणाला. “साखरप्यात माझं बाराशे यायचं हायती, ते घेतलंसा न्हवं? तुमचंच म्हणा आता. स्टँडम्होरं बाकावर बसतोय बगा. चष्मा लावून. गाडी दिसली की पेपर वाचतोय.”

मेहुण्यांनी फोन ठेवला.

“नमस्कार केला हो त्याला मी, भावोजी,” ते म्हणाले.