मुंज्याचा गृहपाठ

पुस्तक प्रदर्शनात भाच्याने (वय 13) एक जाडजूड पुस्तक उचललं. मुखपृष्ठावर पिंपळ, पिंपळावर लोंबकळणारा मुंजा, वर सोनेरी अक्षरांत 'किशोरांसाठी थरारक लोककथा'. मी खूश. पोरगं मोबाइल सोडून भुताकडे वळतंय म्हटल्यावर साडेतीनशे रुपये जड वाटले नाहीत. घरी येऊन त्याने एक गोष्ट वाचली आणि पुस्तक माझ्यापुढे टाकलं.

"मामा, यात गृहपाठ आहे."

खरंच होता. मुंजा जिथे संपतो तिथे चौकट: 'या गोष्टीतून तू काय शिकलास?' खाली चार रिकाम्या ओळी. भाच्याने पहिलीवर लिहून टाकलं होतं, 'मुंज करून घेऊ नये.'

मला तरी हे उत्तर पटलं.

भुतांच्या बाबतीत आपण गर्भश्रीमंत. विहिरीत आसरा, डोहात गिऱ्हा, पिंपळावर मुंजा, आडरानात खवीस, कोकणात देवचार. प्रत्येकाची हद्द ठरलेली. इतकी चोख वाटणी आमच्या भाऊबंदकीत कधी झाली नाही. त्यातला चकवा माझा विशेष लाडका. तो मारत नाही, रक्त पीत नाही. ओळखीच्या रानात, घर हाकेवर असताना, माणसाला पहाटेपर्यंत गोल गोल फिरवतो, बस्स. अशी कल्पना परदेशातून आली असती तर तिचे सात भाग निघाले असते आणि आपण ते रांगेत उभं राहून घेतले असते. आपल्या किशोर आवृत्तीत मात्र चकवा शेवटच्या परिच्छेदात 'आयुष्यात दिशा महत्त्वाची' असं सांगून करिअर मार्गदर्शनाला लागतो.

खरं तर तात्पर्याची ही खोड जुन्या वेताळाला नव्हती. तो राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगायचा, शेवटी पेच टाकायचा आणि विक्रमाने तोंड उघडलं की पुन्हा झाडावर. 'चांदोबा'त चित्रकार शंकर यांनी काढलेला तो राजा आठवा: एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, आणि चेहऱ्यावर अजिबात कंटाळा नाही. वेतालपंचविशीत एका बाईकडून घाईत नवऱ्याचं आणि भावाचं मुंडकं अदलाबदलीने चिकटतं. आता नवरा कोणता? डोकं की धड? नववीच्या वर्गात हा प्रश्न टाका आणि मधली सुट्टी विसरा. पण पालक काय म्हणतील, या भीतीने आपण ती गोष्ट गाळतो आणि ससा-कासव चौदाव्यांदा छापतो.

हेच चरित्रांचं. किशोरांसाठीच्या चरित्रातला थोर माणूस लहानपणापासूनच हुशार असतो, पान सहावर आईची आज्ञा पाळतो आणि पान चाळीसवर त्याचा पुतळा होतो. मधे त्याला साधा तापसुद्धा येत नाही. उलट वरसईचे गोडसे भटजी बघा. घरावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढ्या आशेवर हा पेणकडचा भिक्षुक 1857 साली काकांबरोबर उत्तरेला निघाला. मुहूर्त असा, की थेट बंडात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला, शहरातल्या कत्तलीचे दिवस लपून काढले, वाटेत कमाई लुटली गेली, आणि घरी येताना खांद्यावर काय, तर गंगेची कावड. सोनंनाणं गेलं, पाणी आणलं! 'माझा प्रवास' हे त्याचं पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये छापलं, तेही काटछाट करून. म्हणजे कात्री आपल्याकडे पहिल्यापासूनच धारदार. भटजी भितात, उपाशी राहतात, पैशांचा हिशेब करतात. पंधरा वर्षांच्या मुलाला आणखी काय हवं? आपण त्यांना एम.ए.च्या कपाटात ठेवलंय, परीक्षेला.

भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे तेवढा सायकलवरून या तात्पर्यवाल्यांच्या हातून निसटला. पण 2017 मध्ये त्याच्यावर सिनेमा आला तेव्हा 'फास्टर फेणे' वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला आलेला तरुण निघाला. बरोबरच आहे. शाळकरी पोराला एकट्याने सायकलवर पुणंभर हिंडू द्यायचं म्हणजे आजच्या प्रेक्षकांतल्या आयांना भूतकथेहून भयंकर.

गेल्या मे महिन्यात भाच्याला घेऊन आरवलीला गेलो, वेंगुर्ल्याजवळच्या. जयवंत दळवींचं गाव. इथला वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून लोक त्याला चामड्याच्या चपला वाहतात, एकेक चप्पल परातीएवढी. भाचा रांग सोडून गेला आणि चपलांपाशी उकिडवा बसला. एकेक उचलायची, उलटी करायची, तळ बघायचा. पुजारी काही बोलतील म्हणून मी घाम पुसत उभा. ते शांतपणे जवळ गेले आणि विचारलं, "काय बघतस रे?"

"झिजल्यात का."

पुजाऱ्यांनी त्याच्या हातातली चप्पल घेतली, उजेडाकडे धरली आणि तेही बघायला लागले.