समुद्र सर्वांचा, जायफळ आमचं

१६०९ साली हॉलंडात 'मारे लिबेरम' नावाची एक छोटी लॅटिन पुस्तिका निघाली. लेखकाचं नाव नव्हतं. म्हणणं एवढंच की समुद्र कुणाच्या बापाचा नाही. कुठल्याही देशानं खुशाल जावं, व्यापार करावा. वाचणाऱ्याला वाटावं, काय उदार मनाचा माणूस!

हा उदार माणूस म्हणजे ह्यूगो ग्रोशियस, डच ईस्ट इंडिया कंपनीचा वकील. १६०३ साली सिंगापूरजवळ डचांनी 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज पकडलं होतं. आत चिनी रेशीम, कस्तुरी, चिनी मातीची भांडी. अ‍ॅमस्टरडॅमला लिलाव झाला, तीस लाख गिल्डरांहून जास्त आले. एवढा माल पचवायचा तर तत्त्वज्ञान हवंच. ते ग्रोशियसनं पुरवलं.

पोर्तुगीज तरी कुठले सोवळे? अरबी समुद्रात आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना ते 'कार्ताझ' घ्यायला लावत. परवाना नाही तर जहाज जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकणात स्वतःचे दस्तक सुरू केले, तेव्हा मात्र इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं. परवाना गोऱ्यानं दिला तर कायदा, कुलाब्याहून निघाला तर चाचेगिरी!

खरी गंमत १६१३ची. इंग्रजांनाही मसाल्याची बेटं हवी होती. लंडनच्या बोलण्यांत त्यांनी ग्रोशियसपुढेच 'मारे लिबेरम' टाकलं. गृहस्थ डगमगले नाहीत. तिथल्या राजांनी माल फक्त आम्हालाच द्यायचा करार केलाय, म्हणाले. समुद्र मोकळाच, किनाऱ्यावरचं जायफळ तेवढं आमचं. याच जायफळाच्या बांदा बेटांवरच्या लोकांनी हे करार पाळले नाहीत, तेव्हा १६२१ साली कंपनीनं बेटंच ओस पाडली. बहुतेक माणसं मेली, गुलाम झाली किंवा पळाली.

जुन्या गोष्टी कशाला उगाळता, असं कुणी म्हणेल. मग २०२१चा एप्रिल घ्या. लक्षद्वीपच्या पश्चिमेला १३० सागरी मैलांवर, आपल्या २०० मैलांच्या आर्थिक क्षेत्रात, अमेरिकेची युद्धनौका आली. भारताची संमती न घेता आलो, हे त्यांच्या नौदलानं स्वतःच जाहीर केलं, वर आंतरराष्ट्रीय कायद्याचा दाखलाही दिला. (लष्करी कवायतींना आधी संमती घ्या, हा आपला आग्रह कायद्यात कितपत बसतो, यावर वाद आहे, हेही खरं.) आपण निषेध कळवला. ज्या १९८२च्या सागरी कायदा करारात हे सगळे नियम आहेत, त्याला भारतानं १९९५ साली मंजुरी दिली. अमेरिकेनं अजून दिलेली नाही.