टाकीच्या तोंडाशी कागदोपत्री उभ्या असलेल्या गृहस्थांस

रा. रा. होलवॉचरसाहेब यांस,
मु. मॅनहोलच्या काठावर, तालुके डहाणू व तलासरी, जि. पालघर (निदान परमिटवर तरी)



आपलं नाव न ऐकलेला माणूस कारखानदारीत सापडणं कठीण आणि आपल्याला जागेवर पाहिलेला सापडणं त्याहून कठीण. टाकी असो, गटार असो की रिअॅक्टर, आत कोणी उतरणार असेल तर तोंडाशी दुसऱ्याने उभं राहायचं, आतल्यावरची नजर हलवायची नाही आणि काही बिनसलं तर दोर ओढायचा, एवढंच आपलं काम. कुठे आपल्याला होलवॉचर म्हणतात, कुठे अटेंडंट; ठेकेदाराच्या मस्टरवर आपण नुसते हेल्पर. आत उतरण्याच्या परवान्यावर, म्हणजे परमिटवर, मात्र आपला मान मोठा. उतरण्याची वेळ आणि वर येण्याची वेळ, दोन्ही रकाने आपण सकाळीच भरून मोकळे होता, कारण भविष्य आपल्याला ठाऊक असतं. तीन टाक्यांवर एकाच वेळी पहारा करून चौथीकडे सिमेंटची गोणी पोचवण्याची आपली सिद्धी पाहता हे पत्र आपल्याला नेमकं कुठे गाठेल याचा भरवसा नाही. म्हणून ते खुलंच लिहितो आहे.

आपल्या मुलखात आपल्याला कामाची वाण पडणार नाही. डहाणूची माणसं बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत जातात, तलासरीची माणसं सीमा ओलांडून उंबरगाव, सरीगाम, वापीला. तिथे रिअॅक्टर आहेत, सांडपाण्याच्या टाक्या आहेत. घराकडे यावं तर बोर्डी-घोलवडच्या रिसॉर्टांचे सेप्टिक टँक, उन्हाळ्यात गाळ काढायच्या विहिरी, किनाऱ्यावरच्या बोटींतले मासळीचे खण. यांतलं काहीच दिसायला भयंकर नसतं, हीच अडचण. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला तर आत शिरू नये असा संकेत आहे. पण तो घटल्याचं शरीराला कळत नाही. आपला जीव घुसमटतो तो अंगात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. नायट्रोजन भरलेल्या टाकीत श्वास नेहमीसारखाच आतबाहेर होत राहतो, घुसमट होतच नाही, आणि एकदोन श्वासांत माणूस मटकन खाली बसतो. हायड्रोजन सल्फाइडची तऱ्हा त्याहून कावेबाज. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी नखभर वायूलाही येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की नाक बधिर होतं आणि वर उभ्या मुकादमाला वाटतं, वास गेला, आता उतरायला हरकत नाही. हजाराच्या घरात गेला की चार श्वास पुरे होतात. शिवाय गाळ स्वस्थ असतो तोवर हा वायू त्यात दडून बसलेला असतो. फावडं लागलं की सुटतो. सकाळी नऊला मीटरने दिलेला निर्वाळा साडेनऊला खोटा ठरू शकतो, आणि तो खोटा ठरवतो आत उतरून काम करणारा माणूसच. म्हणूनच आपली गरज साडेनऊला असते. आपली सही नऊची असते.

आता 9 एप्रिल 2024 या तारखेकडे आपलं लक्ष वेधतो. गुढीपाडवा होता. त्या दिवशी आपल्याच जिल्ह्यात, विरारच्या ग्लोबल सिटीत, एका खासगी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. त्याच दिवशी नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे एकामागून एक सहा जण उतरले. पाच गेले. सहावा वाचला. तो काही जास्त शिकलेला किंवा जास्त धट्टाकट्टा होता म्हणून नव्हे. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि त्या दोराने त्याला वर काढता आलं. एकाच विहिरीत, एकाच हवेत, दोर नसलेले पाच आणि दोर असलेला एक, असा प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेने करू नये. तो वाकडीत झाला आणि त्याचा निकाल साऱ्या महाराष्ट्राने वाचला. त्याच्या दोन वर्षं आधी, एप्रिल 2022 मध्ये, मंगळूरच्या सेझमधल्या मासळी प्रक्रिया कारखान्यात टाकीत पडलेल्या एकाला काढायला इतर उतरले आणि पाच जण गेले. 9 मार्च 2025 ला मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या टाकीत चार गेले, आणि ती टाकी तर पाण्याची होती. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संशोधन संस्थेने 1986 सालीच इशारा देऊन ठेवला होता की अशा जागांत मरणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात. म्हणजे या जागा पहिला बळी निष्काळजीपणाचा घेतात आणि पुढचे माणुसकीचे. पहिल्याला वाचवायचं तर यंत्रं लागतील, हवा खेळवणारे ब्लोअर लागतील, पैसे लागतील. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला वाचवायला फक्त आपण लागता.

आपण नाहीसे झालात त्यात कायद्याचाही थोडा हात आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या कलम 36 चा आधार आपली परमिटं सांगत आली. त्या कलमाने आत उतरायला दोन वाटा दिल्या. एक, जाणत्या व्यक्तीने स्वतः चाचणी करून जागा धोकादायक वायूपासून मुक्त असल्याचा लेखी दाखला द्यावा. दुसरी, उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावं, पट्टा बांधावा आणि पट्ट्याच्या दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावं. दोन्ही हव्यात असं कलम म्हणत नव्हतं, एक पुरे होती. आता एका वाटेला कागद लागतो आणि दुसरीला यंत्र, दोर आणि एक दिवसभर मोकळा माणूस लागतो, तेव्हा गर्दी कुठल्या वाटेवर झाली हे सांगायला नको. बरं, दाखला चुकला आणि माणूस गेला तर दंड किमान 25 हजार रुपये होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा आकडा किमान पाच लाखांवर नेला आणि त्यातला निम्मा तरी मृताच्या वारसांना देण्याची मुभा न्यायालयाला दिली, हे चांगलंच केलं. मात्र त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने पत्र्याच्या शेडमधलं छोटं युनिट व्याख्येबाहेर काढलं. गटार आणि सेप्टिक टँकपुरता 2013 चा कायदा निराळा आहे. तो धोकादायक सफाईला माणूस लावण्यावरच बंदी घालतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. बोटीतला खण आणि शेतातली विहीर मात्र ना कारखान्यात बसते, ना गटारात. तिथे आपली कागदोपत्री हजेरीसुद्धा नाही.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर ते होतं. गेटवर नव्या माणसांना बसवतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, हेल्मेट कसं घालावं ते सांगतात आणि हजेरीवर अंगठे घेतात. बोलणारा हिंदीत बोलतो, फॉर्म इंग्रजीत असतो आणि समोर बसलेल्यांतल्या कित्येकांना घरच्या वारलीखेरीज दुसरं काही नीट उमगत नाही. पण हा दोष लहान आहे, दुभाष्या बसवून मिटेल. मोठा दोष असा की सगळं शिकवणं आत उतरणाऱ्याला उद्देशून असतं. बेशुद्ध पडल्यावर ज्याला काहीच करता येणार नाही, त्याला धोक्याची सगळी माहिती; आणि ज्याचे हात मोकळे आहेत, त्याला 'इथे उभा राहा' एवढीच सूचना. नेमणूकही तशीच. टोळीत जो सगळ्यांत नवा, ज्याच्याकडून जड काम होत नाही, त्याला आपल्या पदावर बसवतात. जो उतरणाऱ्याला 'वर ये' असं दरडावू शकत नाही, ठेकेदाराला 'काम बंद' म्हणू शकत नाही, अशाच्या हाती दोर द्यायचा, म्हणजे तो खुंटीला बांधल्यासारखाच झाला.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला माणुसकीचा: भाऊ आत पडलेला दिसल्यावर कोण नियम पाळत बसेल? खरं आहे, आपल्याकडच्या टोळ्या बहुधा एकाच पाड्यातल्या असतात, आत पडलेला खरोखरच भाऊ असतो. पण माणूस उडी घेतो ती हात रिकामे असतात म्हणून. 'उतरू नको' ही सूचना त्या क्षणी कोणी ऐकणार नाही. 'हे हँडल फिरव' ही ऐकेल. म्हणून तोंडावर ट्रायपॉड आणि विंच हवं, आणि गोणी बांधून ती वर काढण्याचा सराव आधी हाताला झालेला हवा. इथे कायद्यातल्या पट्ट्याबद्दलही बोललं पाहिजे. कमरेच्या पट्ट्याने ओढलेला बेशुद्ध माणूस मधोमध दुमडतो आणि टाकीच्या अरुंद तोंडातून बाहेर येत नाही. विहिरीचं तोंड मोठं असतं, तिथे निभावतं. टाकीसाठी खांद्यांवरून जाणारा, पाठीवर कडी असलेला हार्नेसच लागतो, म्हणजे माणूस उभाच्या उभा वर येतो. दुसरा आक्षेप म्हणजे कामगारच ऐकत नाहीत, मास्क दिला तरी लावत नाहीत. कापडी मास्क धूळ अडवतो, वायू नाही. आणि गाळणीचा भारी मास्कसुद्धा टाकीत नसलेला ऑक्सिजन तयार करू शकत नाही. ज्याने काही होत नाही ते न लावणाऱ्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा: एक माणूस नुसता उभा करायचा म्हणजे एक रोज फुकट. त्याला उत्तर म्हणून विरारचे चार आणि तीस लाखांचा आकडा शेजारी शेजारी ठेवून गुणाकार करावा, मग एका रोजाशी तुलना करावी. आणि चौथा, आता यंत्रं येणार आहेत, माणूस उतरणारच नाही. येऊ देत, स्वागत आहे. गटारात ती चालतील. पण रिअॅक्टरच्या आतलं वेल्डिंग आणि बोटीच्या खणातली सफाई अजून माणूसच करतो.

तेव्हा साहेब, आपण कागदावरून उतरावं ही विनंती आहे. आपल्या पदाला पगार हवा, तोही टोळीतल्या सगळ्यांत अनुभवी माणसाचा. हाती ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणारा चार वायूंचा मीटर काम संपेपर्यंत चालू हवा. कोणालाही न विचारता काम थांबवण्याचा अधिकार हवा आणि स्वतः आत न उतरण्याची सक्त ताकीद हवी. हे शिकवायला मुंबईहून कोणी यायची वाट पाहू नये. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला इथे वजन दिलेलं आहे. पाड्यावरची टोळी कामाला निघण्यापूर्वी ठेकेदाराकडे ट्रायपॉड आणि मीटर आहे का, हे ग्रामसभेने विचारावं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकांनीही परमिटांची फाईल चाळण्याआधी टाकीपाशी जाऊन आपण आहात का ते पाहावं.

आणि आत उतरणाऱ्यांनो, हे पत्र तुमच्यासाठी नव्हतं, पण आलंच आहे हाती तर एवढं करा. मॅनहोलवर वाकण्याआधी मागे वळून पाहा. ज्याचं नाव परमिटवर आहे तो माणूस तुमच्या दोराचं टोक धरून उभा नसेल, तर उतरू नका.

कळावे, लोभ असावा.