१९६८ सालचा ताजा ड्रायव्हर

‘अपडेट’ असं दिसलं की गेमिंग लॅपटॉपवाल्याचे हात शिवशिवतात. लाख-दीड लाखाचं यंत्र, कीबोर्डखाली सात रंगांची रोषणाई, आणि चिपसेटचा ड्रायव्हर जुना? छे! तो डिव्हाइस मॅनेजर उघडतो आणि तारीख वाचतो: १८ जुलै १९६८.

ही इंटेलच्या स्थापनेची तारीख. कंपनीनं ती मुद्दाम टाकलेली असते. दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असले तर विंडोज नव्या तारखेचा निवडतं. आपल्या सर्वसाधारण फायलीनं एखाद्या खास ड्रायव्हरची जागा बळकावू नये, एवढीच त्यामागची नम्रता. (कंपन्यांच्या बाबतीत हा शब्द क्वचितच वापरता येतो, म्हणून वापरून घेतला.) बरं, त्या चिपसेट ड्रायव्हरच्या पॅकेजात मुख्यतः असतात मजकुराच्या आयएनएफ फायली. त्या विंडोजला सांगतात, या भागाचं नाव अमुक. थोडक्यात, बारसं. आणि आपला वीर बारसं उरकून फ्रेम रेट मोजायला बसतो.

स्टोरेजचा ड्रायव्हर मात्र खरंच राबतो, म्हणून तिथली हौस महागात पडते. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांत बायोसमधली व्हीएमडी ही स्टोरेजची सेटिंग सहज म्हणून बंद केली, की कालपर्यंत धावणारं विंडोज निळा पडदा दाखवतं. ती सेटिंग चालू ठेवून कोरं विंडोज टाकायला जावं, तर अनेकदा इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून हातानं भरवावा लागतो.

तेव्हा मंडळी, सगळं सुरळीत असेल तर चिपसेटला हात लावू नका. गेम अडखळतोय? आधी पंख्यातली धूळ काढा.