पॅनेललाही ऊन लागतं

वऱ्हाडात उन्हाबद्दल चार बरे शब्द बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पाऊस दगा देतो, तरी त्याची वाट पाहतो. थंडीत शेकोटीभोवती गप्पा तरी होतात. उन्हाच्या वाट्याला निव्वळ शिव्या. मे २०२० च्या अखेरीस अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर चढला आणि जगातल्या तापलेल्या शहरांच्या यादीत नाव झळकलं, तेव्हा अकोलेकरांना आतून थोडं बरंही वाटलं असावं. आमच्या पातूरला त्याचा हेवा. तापतो आम्हीही, पण बातमी लागते अकोल्याच्या नावावर.

अशा या उन्हाला अलीकडे एकदम भाव आला आहे. टीव्हीवरचे तज्ज्ञ विदर्भाचा नकाशा दाखवतात आणि म्हणतात, केवढी ही संपत्ती! आम्ही डोक्याचा दुपट्टा आवळत ऐकतो. जिच्यापासून पळत जन्म गेला, ती संपत्ती होती हे पन्नाशीनंतर कळलं की माणूस जरा गोंधळतोच.

तज्ज्ञांची उणीव पातुरातही नाही. स्टँडजवळच्या टपरीवर रोज सकाळी स्वच्छ ऊर्जेच्या सगळ्या पर्यायांची झडती होते. एकाचा भाचा तारापूरला आहे, म्हणून तो अणुविजेच्या बाजूचा. दुसरा एकदा साताऱ्याकडे लग्नाला गेला आणि वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या पाहून आला. तेव्हापासून त्याला आमच्या घाटातला वारा वाया जाताना दिसतो. तिसऱ्याच्या वाड्यामागे गोबर गॅसची टाकी आहे. ढोरं विकली, टाकी राहिली. तिच्या लोखंडी डोमवर आता मिरच्या वाळतात. तरी मुद्दा निघाला की तो छातीवर हात ठेवून सांगतो, "खरी ऊर्जा म्हणजे शेण." त्याला कोणी खोडून काढत नाही, कारण बहुधा चहाचे पैसे तोच देतो.

जागतिक परिषदांवरही आमचं लक्ष असतं. २०२३ ची हवामान परिषद दुबईला आणि २०२४ ची बाकूला, म्हणजे लागोपाठ दोन वर्षं तेलाच्याच गावात. दुबईच्या परिषदेचे अध्यक्ष तर तिथल्या सरकारी तेल कंपनीचेच प्रमुख. दारूच्या गुत्त्यावर व्यसनमुक्तीचं शिबिर भरावं तसा हा प्रकार. पण शिबिर भरलं हेही नसे थोडके, असं म्हणणारे भले लोक टपरीवरही आहेत. २०३० पर्यंत जगातली अपारंपरिक विजेची क्षमता तिप्पट करायची, असं त्याच दुबईत ठरलं. त्याआधी २०२१ मध्ये ग्लासगोला आपल्या पंतप्रधानांनी शब्द दिला होता की भारत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनावर येईल. हे सगळं मी आमच्या आबाजींना जमेल तितकं सोपं करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तवा लाईन दिवसा येईन का?"

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला थट्टेचा वाटेल. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं सगळं ऊर्जाधोरण त्यात आहे. शेतीपंपांची वीज पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस नेमके कडाक्याच्या थंडीचे. घरदार झोपलेलं असताना हा माणूस कानाला मफलर गुंडाळून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन बांधावर उभा. पायाखाली विंचू-काट्याचं भय. पातूरच्या घाटाकडची शेतं असतील तर रानडुकरं, रोही, आणि अधूनमधून बिबट्याची आवई. त्यात लाईन दोन वाजता येते, अडीचला फेज उडतो, आणि डीपीच जळाली तर पुढचे कैक दिवस पिकाकडे नुसतं बघत राहायचं. मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटो स्विच बसवलेले असतात. पण पाणी कोणत्या सरीत चाललंय हे त्या स्विचला कुठं दिसतं?

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकारनं माफ केलं. तज्ज्ञांचं गणित इथं अडतं. वीज फुकट मिळत असेल तर शेतकरी सरकारी योजनेतल्या सौरपंपासाठी पदरचे दहा टक्के कशाला भरेल? कागदावर प्रश्न बिनतोड आहे. पण अर्ज तर भराभर येतात. याचं उत्तर मला टपरीवर मिळालं. ज्याच्या शेतात नवा पंप बसला होता, तो म्हणाला, "बिल तं तसंबी नव्हतं भाऊ. पण आता म्या रातभर घरी झोपतो. याचं बिल कोन काढीन?"

युनिटमागे किती रुपये आणि किती किलो कार्बन, याचे तक्ते मी भरपूर पाहिले आहेत. झोपेचा रकाना एकाही तक्त्यात नव्हता. मला विचाराल तर सौरपंपाच्या जाहिरातीत हिरवीगार पृथ्वी काढण्यापेक्षा खाटेवर घोरत पडलेला शेतकरी काढावा. आमच्याकडे चित्र लगेच कळेल.

योजनेचा हिशेब तसा सरळ आहे. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत पाचचा, त्यावर साडेसातचा. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच. बाकीचं सरकारचं. मग एक दिवस ट्रक येतो, खड्डे होतात, सांगाडा उभा राहतो आणि निळ्याकाळ्या काचा आभाळाकडे तोंड करून बसतात. पहिले आठवडाभर त्यांचे लाड पाहण्यासारखे असतात. घरची म्हातारी सकाळी जुन्या लुगड्याचं फडकं ओलं करून त्या पुसते, वरचा कोपरा पुरत नाही म्हणून फडकं काठीला बांधते, आणि माकडं आली की त्याच काठीनं हाकलते. पुढे धूळ बसत जाते. आमच्याकडची माती काळी आणि बारीक. वाऱ्यानं उठली की कशावरही बसते, काचेचं तिला अप्रूप नाही.

सगळ्यात मजेची गोष्ट मला फार उशिरा समजली. पॅनेलला ऊन हवं असतं, तापणं नको असतं. त्याची क्षमता कारखान्यात २५ अंशांवर मोजलेली असते. काच त्याहून जितकी तापेल तितकं तिचं काम घटतं, प्रत्येक अंशाला साधारण पाव ते अर्धा टक्का. वैशाखात हवाच ४५ अंशांवर असते, तेव्हा पॅनेल साठी-सत्तरीत पोचतं आणि दहा-पंधरा टक्के वीज जागच्या जागी गळते. म्हणजे ज्या उन्हासाठी त्याला इथं आणलं, ते त्यालाही सोसत नाही! खरं काम ते माघ-फाल्गुनात करतं, आकाश निरभ्र आणि हवा गार असताना. हे कळल्यावर मला पॅनेलबद्दल एकदम आपुलकी वाटली. आधी ते मला बाहेरगावचं वाटायचं. आता कळलं की तेही आमच्यासारखंच आहे, दुपारी बारा ते चार कामात कुचराई करणारं. त्याच्या खिशात कांदा ठेवता येत नाही, एवढाच काय तो फरक.

माणसाला ऊन लागू नये म्हणून वऱ्हाडानं शोधलेला उपाय म्हणजे कूलर. शोध लावला आणखी कुणी, पण त्याचा प्रपंच केला आम्ही. होळी झाली की तो माळ्यावरून उतरतो. जाळीला मागच्या सालचे पांढरे क्षार चिकटलेले असतात, ते स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडायचे. सडलेलं गवत काढून नवं भरायचं. पंप फिरत नाही, त्याला खालून काडीनं टोचायचं. तरी फिरत नाही, मग वरून चापट. पाणी धारेनं उतरायला लागलं की ओल्या गवताचा पहिला वास घरभर पसरतो आणि उन्हाळा अधिकृतपणे सुरू होतो. एवढ्यावर दीड-दोनशे वॅटमध्ये अख्खी खोली गार. एसीला त्याच्या सात-आठपट वीज लागते. मार्च २०१९ मध्ये देशाचा शीतकरणाचा कृती आराखडा निघाला. वीस वर्षांत गारव्याची मागणी २० ते २५ टक्के कमी करायची, असं त्यात म्हटलं आहे. तो आराखडा करणाऱ्यांना नम्रपणे सुचवावंसं वाटतं की त्यांनी एप्रिलमध्ये आमच्याकडे यावं आणि घरामागच्या खिडक्यांतले कूलर मोजावेत. आणि वेळ उरला तर पातूरच्या टेकडीतली लेणीही पाहावीत. दगडाच्या पोटात कोरलेल्या त्या दालनांत भर दुपारी शिरलं की वाटतं, ती कोरणाऱ्यांनी कुठलाही आराखडा न छापता काम उरकलेलं दिसतं.

कूलरचे दोन दोष. पाऊस जवळ आला, हवा दमट झाली की तो नुसता घाम हलवतो. आणि पाणी पितो. ज्या गावात नळाची वाट पाहण्यात सकाळ जाते, तिथं बादल्या भरभरून त्याच्या टाकीत ओतताना हात जड होतो. वीज वाचवली तर पाणी जातं, पाणी वाचवलं तर माणूस उकडतो. हे कोडं ग्लासगोला सुटलं नाही, ते आमच्या घरी आई सोडवते. "पाहुणे आले तरच दुपारचा कूलर," असा तिचा ठराव आहे.

आणि त्या कूलरची वीज? पातूरहून बाळापूरमार्गे पारस काही फार लांब नाही. तिथल्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. कोळसा रेल्वेनं येतो, वीज तारांनी जाते, राख मागं राहते. कोळसा बंद झाला पाहिजे हे मला पटतं. पण ते टपरीवर मोठ्यानं बोलताना मी आधी बाजूला पाहून घेतो, कारण पारसला नोकरी करणाऱ्याचा सासरा त्याच बाकावर बसलेला असू शकतो. जागतिक तज्ज्ञांची ही अडचण नसते. त्यांच्या बाकावर व्याही नसतात.

मध्यंतरी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातला एक विद्यार्थी सौरपंपांची पाहणी करायला आला होता. पोरगा गुणी होता, उन्हात हिंडत होता, वहीत सगळं नीट टिपून घेत होता. आबाजींच्या शेतात त्यानं पंप किती तास चालतो ते विचारलं, पॅनेल किती दिवसांनी पुसता ते विचारलं, आणि शेवटी विचारलं, लाभार्थी किती?

"घरचे पाच," आबाजी म्हणाले, "अन् बकऱ्या नऊ."

"बकऱ्या नाही लिहिता येत, आबाजी."

"काहून? खरा फायदा तं त्यायलेच होऊन राह्यला." आबाजींनी पॅनेलखाली रवंथ करत बसलेल्या कळपाकडे बोट दाखवलं. "माह्या विहिरीले बारा वाजताच तळ लागते. सावली सांजवरी राह्यते."

पोरानं क्षणभर विचार केला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं : बकऱ्या, ९.